उसाचे पान पोंग्यातच घडते
(आडसाली बेणे निवडण्यापूर्वी वाचावे असे काही)



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की गावोगाव बेण्याची चौकशी सुरू होते. कोणी पाहुण्याच्या शेतातला ऊस पाहून ठेवलेला असतो, कोणी शेजाऱ्याचा खोडवा स्वस्तात मिळतो म्हणून शब्द देऊन बसलेला असतो. याच दिवसांत शेतकी खात्याच्या माणसांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक म्हणजे, "साहेब, रुंद पानाचे जोमदार बेणे कुठे मिळेल?" आणि दुसरा, "आमच्यातली काही बेटे पांढरट, बारीक पानांची निघाली, त्यावर काय फवारू?"

वरवर पाहता हे प्रश्न निराळे वाटतात. पण दोन्हींची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत. उसाचे पान कुठे घडते, केव्हा घडते आणि ते कोणाच्या हुकमाने घडते, हे समजले की फवारणीने काय होईल, काय होणार नाही आणि बेण्याला इतके महत्त्व का, हे आपोआप ध्यानात येते. विषय जरा पुस्तकी आहे. पण मंगळवेढ्याच्या माणसाला ज्वारीचे पान आणि पाटाचे दार दोन्ही तोंडपाठ आहेत, त्यामुळे अवघड वाटू नये.

साखर पानात तयार होते

कारखाना साखर तयार करीत नाही. उसात तयार झालेली साखर तो काढून घेतो. साखर तयार होते ती पानात, सूर्यप्रकाश, हवेतील कर्बवायू आणि मुळांनी दिलेले पाणी यांच्यापासून. पान जेवढे निरोगी, जेवढे उजेडाला सामोरे, तेवढी कांडीत साखर. म्हणून पान हा उसाचा खरा कारखाना होय.

हा कारखाना कुठे उभा राहतो ते पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. उसाचा एक शेंडा तोडा, बाहेरची पाने सोलून काढा आणि राहिलेला पोंगा धारदार चाकूने मधोमध उभा चिरा. आत पानाच्या आत पान, त्याच्या आत आणखी पान अशी घडी दिसेल. अगदी तळाशी, जिथे कोवळी पांढरी कांडी सुरू होते, तिथे टाचणीच्या डोक्याएवढे टोक असते. हाच उसाचा वाढबिंदू. या टोकाच्या कडेला पेशींचा छोटा उंचवटा येतो आणि तो उंचवटा म्हणजे नवे पान. एक पान डाव्या बाजूला निघाले की पुढचे उजव्या बाजूला. उबदार हवामानात साधारण आठ-दहा दिवसांनी एक नवे पान उघडताना आपण पाहतो. पण त्याचा पाया त्याच्या कितीतरी आठवडे आधी पोंग्यात घातला गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आंब्याची डहाळी टोकाला वाढते, पण उसाचे पान बुडाकडून वाढते. पानाचे टोक सर्वांत आधी तयार होते, बुड सर्वांत शेवटी. पाते आणि खोडाला गुंडाळलेले आवरण यांच्यामधला सांधा बाहेर स्पष्ट दिसू लागला की त्या पात्याची वाढ संपली असे समजावे. त्यानंतर ते पाते एक बोटभरही रुंद किंवा लांब होत नाही. दुकानदार काहीही सांगो, उघडलेल्या पानाची मापे कोणत्याही टॉनिकने बदलत नाहीत. फवारणीने जे काही साधायचे ते पोंग्यातल्या पानांत साधते, आणि ते दिसायला दोन-तीन आठवडे जावे लागतात.

जनुके आणि पाटाची दारे

आता पान घडते कोणाच्या हुकमाने, ते पाहू. प्रत्येक जीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात आणि गुणसूत्रांवर जनुके असतात. एकेक जनुक म्हणजे एकेक प्रथिन तयार करण्याची लेखी सूचना. ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात. शास्त्रज्ञांनी २००९ साली ज्वारीचा हा सगळा लेख वाचून काढला. त्यात तीस हजारांच्या आसपास जनुके आढळली. आधुनिक उसाचा पसारा फारच मोठा आहे. त्याच्या पेशीत १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि एकाच जनुकाच्या अनेक प्रती असतात. त्यामुळे उसाचा लेख सविस्तर वाचून प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले.

ज्वारी आणि ऊस ही जवळची भावंडे आहेत. इतकी जवळची की सर टी. एस. वेंकटरामन यांनी कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९३० च्या दशकात ऊस आणि ज्वारी यांचा संकर घडवून आणला होता. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली मालदांडी ज्वारी आणि आपला ऊस, दोघांच्या पानाची घडण एकाच पद्धतीची आहे.

आता खरी गंमत. मुळाच्या पेशीत, पानाच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत जनुके तीच आणि तेवढीच असतात. मग मूळ हे मूळ का होते आणि पान हे पान का होते? याचे उत्तर आपल्या पाटात आहे. वितरिकेला पाणी आले म्हणून सगळे शिवार एकाच वेळी भिजत नाही. ज्या सरीचे दार उघडले तीच सरी भिजते. ती भरली की दार मोडून पुढच्या सरीला पाणी वळवायचे. जनुकांचे तसेच आहे. प्रत्येक जनुकाच्या आसपास एक छोटा पट्टा असतो, ते त्याचे दार. काही खास प्रथिने त्या पट्ट्यावर येऊन बसतात आणि दार उघडतात किंवा लावतात. ही प्रथिने म्हणजे पाटकरी समजा. दार उघडले तर जनुकाचे काम सुरू, लावले तर बंद. हे पाटकरी तयार करण्याची सूचनाही जनुकांतच असते, म्हणजे एक पाटकरी दुसऱ्या पाटकऱ्याला कामाला लावतो. कोणते दार, कुठल्या पेशीत, केव्हा आणि किती उघडायचे, या सगळ्या व्यवस्थेला शास्त्रात जनुक-नियंत्रण म्हणतात.

पाणी कितीही असले तरी दारे धरणारा चुकला की पीक बिघडते. उसाच्या पानाचेही तेच आहे.

एक दार उघडे राहिले तर

याचा पहिला पक्का पुरावा मक्याने दिला. मक्यात एक विचित्र वाण आढळत असे. त्याच्या पानावर शिरांच्या कडेने गाठी उठत, जणू पानाला टेंगळे आली आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे सारा हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली यामागचे जनुक शोधून काढले. ते निघाले एक पाटकरी-जनुक. वाढबिंदूच्या पेशी कोवळ्या ठेवायच्या, त्यांना कायम वाढत ठेवायचे, हे त्याचे काम. ज्या जागी नवे पान निघायचे असते तिथे हे जनुक आधी बंद होते. बंद झाले म्हणजेच त्या पेशींना "आता तुम्ही पान व्हा" असा हुकूम मिळतो. त्या गाठाळ मक्यात मात्र हे दार पानातही उघडे राहत होते. त्यामुळे पानातल्या काही पेशी पान व्हायचे सोडून पुन्हा वाढबिंदूसारख्या फुगत आणि गाठी होत.

यात आपल्याला शिकण्यासारखे हे की त्या मक्यात ते जनुक गेलेले नव्हते, शाबूत होते. ते चुकीच्या जागी चालू राहिले, एवढ्यानेच पानाची दशा झाली.

दोन शिरांमधला कारखाना

दुसरे उदाहरण खुद्द साखरेचे आहे. उसाचे पान उजेडासमोर धरून पाहा. शिरा किती दाट दाट असतात! प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे असते आणि त्याबाहेर दुसऱ्या हिरव्या पेशी. बाहेरच्या पेशी हवेतला कर्बवायू धरतात आणि तो कड्यातल्या पेशींना पोचवतात. त्यापासून साखर बनवण्याचे काम पुढे कड्यातल्या पेशींत सुरू होते. म्हणजे एक तोडणी टोळी, दुसरी गाळप टोळी. हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात हा मार्ग शोधला गेला, आणि तो शोधला गेला तो उसाच्या पानातच. ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली त्याची मांडणी केली. ज्वारी आणि मका यांच्याही पानांत हीच व्यवस्था असते. म्हणून कडक उन्हात गव्हापेक्षा ही पिके जास्त काम करतात.

दोन्ही टोळ्यांत जनुके तीच असतात. पण कर्बवायू धरणाऱ्या प्रथिनाचे दार बाहेरच्या पेशींत उघडे असते आणि कड्यातल्या पेशींत बंद. साखरेच्या पहिल्या पायरीच्या प्रथिनाचे नेमके उलटे. ही वाटणी आणि शिरांची दाटी पान पोंग्यात असतानाच ठरते. ती नंतर बदलत नाही.

जिभली आणि पानाचा कोन

ज्वारीचे किंवा उसाचे पान खोडापासून हळूच ओढा. आवरण संपते आणि पाते सुरू होते तिथे आतल्या बाजूला पातळ पापुद्रा दिसेल. त्याला जिभली किंवा जिव्हिका म्हणतात. दोन्ही कडांना कधी कधी कानासारखे छोटे भाग असतात, त्या कर्णिका. उसाचे वाण ओळखताना जाणकार माणूस जिभलीचा आणि कर्णिकेचा आकार आधी पाहतो. बेण्यात भेसळ आहे काय, हे कांडीच्या रंगापेक्षा येथे चटकन कळते.

या सांध्यावरच पान किती कलते ते ठरते. एमर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१२ साली जिभली नसलेल्या मक्याची नोंद केली. त्या मक्याची पाने भाल्यासारखी ताठ उभी राहत. पुढे १९९७ साली त्यामागचे जनुक सापडले. तेही एक पाटकरी-जनुकच निघाले. आवरण कुठे संपते आणि पाते कुठे सुरू होते, ती हद्द आखण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो.

पाने थोडी उभी असली तर खालच्या पानांपर्यंत ऊन पोचते, हे आपण जाणतोच. म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उसातील याच जनुकाच्या प्रती नव्या तंत्राने बदलून पाहिल्या आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जितक्या जास्त प्रती बिघडवल्या, तितकी पाने अधिक उभी झाली. पण सर्वांत उभ्या पानांचा ऊस सर्वांत वजनदार निघाला नाही. सुमारे १२ टक्के प्रती बदललेल्या उसात कोरडे वजन सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. म्हणजे दार पूर्ण लावूनही चालत नाही आणि पूर्ण उघडे ठेवूनही चालत नाही. थोडेसे लावावे लागते, हे पाणी देणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक इशारा देतो. हे प्रयोग वजनाचे होते, साखर उताऱ्याचे नव्हेत, आणि असा ऊस आपल्याकडे लागणीसाठी उपलब्ध नाही. "जीन बदललेले बेणे" म्हणून कोणी डोळ्यामागे जादा दर सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. आपल्या शिफारशीतील वाण जुन्याच पद्धतीने, संकर आणि निवड करून तयार झालेले आहेत. को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आला. रुंद पान, उभे पान, कूस असलेले किंवा नसलेले पान हे गुण वाणाबरोबर येतात आणि टिपरीतून जसेच्या तसे पुढे जातात, कारण टिपरी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा.

पाण्याची पाळी चुकली की

वाण तोच असला तरी सगळ्यांचा ऊस सारखा दिसत नाही, कारण दारे हवामानही हलवते. जमिनीत ओल कमी पडू लागली की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. त्याच्या इशाऱ्याने शेकडो जनुकांची दारे उघडतात किंवा मिटतात. पानावरची बारीक छिद्रे आवळली जातात. पाते सुरळीसारखे वळते, म्हणजे ऊन कमी लागते. आणि सर्वांत आधी काय थांबत असेल तर पोंग्यातल्या पानाचे लांबणे. पाने हिरवीगार दिसत असतात, साखरही थोडीफार होत असते, पण वाढ थांबलेली असते. म्हणूनच "ऊस अजून सुकला नाही, आठ दिवस दम धरू" हा हिशेब महागात पडतो.

त्याची नोंद ऊस ठेवतो. तोडणीच्या वेळी मधेच तीन-चार कांड्या आखूड दिसल्या तर वरून कांड्या मोजत मागे जा; पाण्याचा ताण पडलेला महिना सापडेल. दक्षिणेकडील गावांना हे जास्त सांगायला नको, तिकडे ज्वारीचे ताटही हीच गोष्ट सांगते. पाणी मोजकेच असेल तर क्षेत्र कमी करा. पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, म्हणजे दोन पाळ्यांतली ओल टिकेल. टंचाईत जनावरांसाठी पाला काढावा लागला तर तळाची, पिवळी पडू लागलेली पाने काढा. वरची उघडलेली पाने आणि पोंगा यांना हात लावू नका.

फुटव्यांचे दार

उजेडसुद्धा दारे हलवतो. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. तो फुटायचा की झोपून राहायचा, हे ठरवणारे एक पाटकरी-जनुक आहे. मक्याच्या रानटी पूर्वजाला पुष्कळ फांद्या असत आणि आजच्या मक्याला एकच ताट का, याचा शोध घेताना १९९७ साली ते हाती आले. पुढे २००६ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये ज्वारीवर दाखवून दिले गेले की दाट सावलीत हे जनुक जोरात चालू होते आणि बगलेतले डोळे झोपवते. मोकळ्या उजेडात ते मंदावते आणि डोळे फुटतात. सरी अरुंद ठेवून दाट लागण केली की फुटवे कमी का येतात आणि रुंद सरीत का वाढतात, त्याचे एक कारण हे आहे. हे जनुक ध्यानात ठेवा, कारण आता येणारा रोग याच प्रकारच्या जनुकांवर हात टाकतो.

गवताळ वाढ: पाटकरी पळवणारा रोग

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील बेलापूर भागात १९४९ साली उसावर एक चमत्कारिक रोग दिसला. एकेका बेटातून असंख्य बारीक फुटवे निघत, पाने अरुंद, मऊ आणि पांढरट होत, आणि बेट गवताच्या ठोंबासारखे दिसे. त्याला गवताळ वाढ असे नाव पडले. पुष्कळ वर्षे हा विषाणूचा रोग मानला जाई. १९६७ साली जपानमधील शास्त्रज्ञांना तुतीच्या खुजेपणाच्या रोगात, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारे अतिसूक्ष्म जंतू दिसले. त्या जंतूंना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. आपली गवताळ वाढही त्याच जातकुळीच्या जंतूमुळे होते, हे पुढे सिद्ध झाले.

हा जंतू पान खात नाही, कांडी पोखरत नाही. मग पान एवढे बिघडते कसे? दुसऱ्या पिकांवरील फायटोप्लाझ्माचा अभ्यास करून इंग्लंडमधील नॉरिच येथील शास्त्रज्ञांनी २०११ साली याचा उलगडा केला. जंतू एक छोटे प्रथिन सोडतो. ते प्रथिन झाडाच्या पेशीत शिरते आणि झाडाचे काही पाटकरीच नाहीसे करते. नाहीसे होणाऱ्यांत पानाचा आकार सांभाळणारे पाटकरी असतात आणि बगलेतले डोळे झोपवणाऱ्या, वर सांगितलेल्या कुळातले पाटकरीही असतात. परिणाम काय? डोळे वेळी-अवेळी फुटतात आणि पानांची घडण बिघडते. शिवाय अशा झाडावर रोग पसरवणाऱ्या तुडतुड्यांची संख्या वाढते, म्हणजे जंतूचा दुहेरी फायदा.

आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होईल. गवताळ वाढीवर युरियाची मात्रा वाढवून किंवा टॉनिक फवारून उपयोग नाही. झाडाला खताची कमतरता नाही. पोंग्यातली दारे धरणारेच जागेवर नाहीत. असे बेट सुधारत नाही, त्यातून गाळपालायक ऊस मिळत नाही, आणि उभे राहिले तर शेजारच्या बेटांना धोका राहतो.

केवडा की गवताळ वाढ?

आपल्या भागातील चुनखडीच्या जमिनींत लोहाच्या कमतरतेने केवडा पडतो आणि बरेच जण दोन्हींत गल्लत करतात. फरक असा ओळखावा.

केवड्यात पानाची रुंदी नेहमीसारखी असते. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असे पट्टे दिसतात. जास्त झाला तर पान पांढरे पडते, पण फुटव्यांची संख्या अवाजवी वाढत नाही. शेतात तो चुनखडीच्या किंवा पाणथळ पट्ट्यात सलग दिसतो. हिराकस दिल्यावर नवी पाने हिरवी निघतात. जमिनीतून द्यायचे तर हेक्टरी २५ किलो हिराकस चांगल्या शेणखतात मुरवून द्यावे.

गवताळ वाढीत पानच अरुंद, मऊ आणि आखूड निघते. बेटात गवतासारखे असंख्य फुटवे असतात. कांडी धरत नाही, धरली तर बारीक राहते आणि तिच्यावरचे डोळे उभ्या उसातच फुटतात. बेटे शेतात विखुरलेली दिसतात. एक बेट रोगट तर शेजारचे हिरवेगार. हिराकसने काहीही फरक पडत नाही.

शंका असली तर हिराकसची एक फवारणी करून तीन आठवडे वाट पाहा. पोंग्यातून नवे पान हिरवे आणि रुंद आले तर केवडा. तसेच बारीक पांढरे आले तर बेट उपटा.

बेण्याबाबत काय करावे

रोग एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो तो मुख्यतः बेण्यातून. टिपरी बाहेरून निर्दोष दिसते, पण तिच्या अन्नवाहिनीत जंतू बसलेला असतो. खोडव्यात रोग जास्त उघड होतो, म्हणून खोडव्याचे बेणे स्वस्त दिसले तरी तेच सर्वांत महाग पडते. एकदा लावले की लागण, खोडवा आणि पुढचा निडवा, सगळीकडे ते सोबत येते. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बेणे त्रिस्तरीय बेणे मळ्यातील, म्हणजे मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित या क्रमाने वाढवलेले घ्यावे. पाडेगावचे संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथील मूलभूत बेण्यापासून ही साखळी सुरू होते.

२. मूलभूत बेण्याला बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअस तापमानाला अडीच तास दिलेली असावी. या उष्णतेने जंतूचा बंदोबस्त होतो आणि डोळा जिवंत राहतो. ही प्रक्रिया यंत्रातच करावी, घरच्या पातेल्यात गरम पाणी करून नव्हे.

३. बेणे दहा-अकरा महिन्यांचे, लागणीच्या उसाचे असावे. खोडव्याचे बेणे वापरू नये. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.

४. बेणे मळा दोन, चार आणि सहा महिन्यांचा असताना स्वतः चालून पाहा. बांधावरून पाहून चालणार नाही. गवताळ बेट दिसले तर मुळासकट उपटून जाळावे किंवा पुरावे आणि मोकळ्या जागेवर रोपे लावून सांदण भरावी. अशी बेटे जागोजाग दिसू लागली तर तो प्लॉट गाळपाला द्या, बेण्याला देऊ नका.

५. बेणे तोडताना कोयता मधूनमधून जंतुनाशकात बुडवावा. भेसळ ओळखण्यासाठी पाच-दहा उसांच्या जिभल्या आणि कर्णिका ताडून पाहाव्यात.

६. शेजाऱ्याला बेणे देताना वरील सर्व गोष्टी आपणच तपासा. आपल्या शेतातला रोग दुसऱ्याच्या शेतात पाठवणे हे सहकारात बसत नाही.

रुंद पानाचे बेणे कुठे मिळेल, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. पानाची रुंदी वाण ठरवतो. ती रुंदी खरी होऊ देणे किंवा न देणे पाणी, उजेड आणि रोग यांच्या हाती असते. वाण निवडणे, पाळी सांभाळणे, सरी मोकळी ठेवणे आणि निरोगी बेणे आणणे ही चार दारे मात्र आपल्या हातात आहेत. पाचव्या दाराच्या शोधात टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

आडसाली बेण्यासाठी मागणी नोंदवताना आपल्या गटातील शेतकी कर्मचाऱ्याला प्लॉट दाखवायला सांगा आणि सोबत या. बेट पाहताना काही शंका आली तर तिथेच विचारा. पोंगा चिरून दाखवायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी